मोतद्दाराच्या मुलाचा पोलो

नाना,

'मोतद्दार' या शब्दाला इंग्रजीत काय लिहायचं, यावरून आपण सासरे-सून सव्वा महिना भांडलो होतो. मी 'ग्रूम' लिहिलं. तुम्ही डिक्शनरी उघडलीत, त्या शब्दावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "सुलभा, यात नवरदेव असाही अर्थ दिलाय. मी आबांचा इतिहास लिहितोय, आबांचं लग्न नव्हे." मी म्हटलं, घोड्याच्या संदर्भात शब्द आला की कुणी नवरदेव समजणार नाही. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "आपल्याकडे नवरदेव घोड्यावरच बसतो." मी स्वयंपाकघरात गेले आणि तुम्हाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं भांडी आपटली.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. माणसं आली, गेली. मराठी मंडळातल्या बायकांनी फ्रीजर असा भरून ठेवलाय की दार लावायला दोघं लागतात. कोल्हापूरहून फोन येतात, ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून सांत्वन करून घेणं हा एक वेगळाच प्रकार आहे. सगळे विचारतात, कसे गेले? मी सांगते, दुपारी जेवले, चहा पाणचट झालाय म्हणून बोलले, आडवे झाले, उठले नाहीत. "छान गेले हो," म्हणतात. मी "हो" म्हणते. पण मनातून मला तुम्ही कसे गेलात हे सांगायचंच नसतं. तुम्ही कसे आलात ते सांगायचं असतं, आणि ते ऐकायला तुमच्याइतका रस असलेलं माणूस मला दुसरं सापडत नाही.

ब्याऐंशी साली आलात. सासूबाईंना जाऊन वर्ष होत होतं. टेक्ससमध्ये, प्लेनोमधलं आमचं घर पाच बेडरूमचं, आणि घराबाहेर चालायला हातभर फुटपाथ नाही. सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस खिडकीशी बसून समोरच्यांच्या लॉनवरचं स्प्रिंकलर बघायचा. मी ऑफिसातून आले की तुम्ही विचारायचात, "आज काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही, प्रोग्रॅम रन झाला नाही." तुम्ही म्हणायचात, "इथंही काही रन झालं नाही."

मग एका शनिवारी दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर तुम्ही, पांढरी टोपी, वूलनचा कोट, शाळा तपासायला निघालेल्या इन्स्पेक्टरसारखे ताठ. तो उंच पोलीस म्हणाला, "मॅडम, हे गृहस्थ तुमचे का?"

"हो. काय केलं त्यांनी?"

"रस्त्यानं चालत होते."

जणू काही गुन्हाच. मी विचारलं, नाना, कुठे निघाला होतात? तुम्ही माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून, तुमच्या जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलंत, "मी एका घोड्याच्या मागावर आहे." तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. तो गेल्यावर तुम्ही मराठीत खुलासा केलात. एक लांबलचक ट्रेलर घरावरून गेला होता, त्यातून लिदीचा वास आला. "तीस वर्षांनी आला गं तो वास. पायात वहाणा घातल्या आणि निघालो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडी काढली आणि दीड मैलांवर, नव्या घरांच्या रांगा संपतात तिथे, आपल्याला ते पोलोचं मैदान सापडलं. तीन वर्षं मी त्याच्या बाजूनं ऑफिसला जात होते. मला वाटायचं कुणाचं तरी शेत आहे. केवढं ते हिरवंगार! आपल्या शाळेची सगळी मैदानं त्यात मावून वर जागा उरेल, असं तुम्ही म्हणालात. मागच्या बाजूला तबेले होते, आणि तिथे रामोन एका तांबड्या घोडीला खरारा करत होता. पन्नाशीचा, जाड मिशांचा, मेक्सिकोहून आलेला माणूस. क्लबच्या सगळ्या घोड्यांची उस्तवार त्याच्याकडे. तुम्ही थोडा वेळ नुसते बघत राहिलात. मग सरळ मराठीत म्हणालात, "पोटाखाली हात हलका ठेव. तिला गुदगुल्या होतात." तो स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला, आणि त्यानं हात हलका केला.

त्यानंतर सहा वर्षं तुम्ही मराठीत बोललात आणि तो स्पॅनिशमध्ये. मी एकदा विचारलं, तुम्हाला एकमेकांचं कळतं तरी काय? तुम्ही म्हणालात, "आम्हाला कशाला कळायला पाहिजे? घोड्याला कळतं. आम्ही त्याच्यामार्फत बोलतो."

त्या पहिल्या रविवारी परत येताना तुम्ही गाडीत मला तुमच्या वडिलांबद्दल सांगितलंत. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण मला एवढंच माहीत होतं की ते 'राजेसाहेबांकडे होते'. तुमचा अविनाश तेवढंच सांगायचा आणि विषय बदलायचा. तुम्ही सांगितलंत की आबा संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, तोंडाला दाण्याचा तोबरा बांधायचा, लीद काढायची, पाय शेकायचे. संस्थान लहान, पण पागा चांगली. एकदा उत्तरेकडच्या कुठल्या बड्या महाराजांची पोलोची टीम विलायतेला निघाली, तिला आपल्या राजेसाहेबांनी चार घोडे दिले, आणि घोड्यांबरोबर आबांना पाठवलं. बोटीवर आबा घोड्यांजवळच झोपायचे. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी एक जुना क्लब होता, जगभरच्या पोलोचे नियम जिथे बसून लिहिले गेले तो, आणि त्या क्लबच्या मैदानावर आबा एक अख्खा उन्हाळा उभे होते.

"उभे होते म्हणजे?"

"म्हणजे कडेला. हातात दोन घोडे धरून. खेळाडू दर चक्करला, म्हणजे खेळाच्या दर डावाला, घोडा बदलतो. दमलेला आणून देतो, ताजा घेऊन जातो. आबांनी सगळा पोलो तिथून पाहिला, दोन घोड्यांच्या मानांमधून."

आबांनी आणलेल्या गोष्टी तुम्हाला लहानपणी झोपताना ऐकायला मिळाल्या. तिथलं गवत इतकं लुसलुशीत की घोडे चंदीकडे बघेनात. मधल्या सुट्टीत साहेबांच्या मडमा छत्र्या घेऊन मैदानात उतरतात आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेली ढेकळं बुटांनी दाबून बसवतात. गावात कुणाचा विश्वास बसला नव्हता. मग प्लेनोमध्ये खरोखरच हाफटाइमला लोक मैदानात उतरले आणि ढेकळं तुडवायला लागले, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरणार नाही. "आबा खोटं बोलत नव्हते," एवढंच म्हणालात, आणि कोट सावरत मैदानात गेलात. पुढे मी आणि आमची अनू दर रविवारी ढेकळं तुडवायला यायचो आणि तुम्ही कडेनं ओरडायचात, "टाचेनं नाही, चवड्यानं!" नऊ वर्षांची अनू म्हणायची, "आजोबा, इट्स जस्ट डर्ट!" तिला तुम्ही जी मातीची महती सांगितलीत ती तिला एक अक्षर कळली नसेल, पण चवड्यानं दाबायला मात्र ती शिकली.

आणि 'चक्कर'! टेक्ससचे लोक 'चकर' म्हणतात, इंग्रज 'चका' म्हणतात, आणि तुम्ही प्रत्येकाला थांबवून सांगायचात, "चक्कर. डबल क. शब्द आमचा आहे, नीट वापरा."

तिथूनच तुमचा इतिहास सुरू झाला. लायब्ररीतून मी गठ्ठ्यानं पुस्तकं आणायचे, तुम्ही दोनशे पानी वह्यांमध्ये लिहायचात, आणि रविवारी दुपारी मी त्याचं इंग्रजी करायचे. आपलं खरं भांडण तिथलंच. मी नागपूरची, तोंडाची फटकळ. मी म्हटलं होतं, "नाना, साहेबांचा खेळ, साहेबांचा क्लब, राजेरजवाड्यांची मौज. आपल्या माणसानं लीद काढली. त्या क्लबचा इतिहास आपण का लिहायचा?"

तुम्ही चिडला नाहीत. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीकडे बघावं तसं बघितलंत. "खेळ साहेबाचा कुठला? मणिपूरच्या लोकांचा. साहेबानं तिथं बघितला, उचलला, घरी नेला. त्या क्लबात आधी कबुतरं मारायचे, मग पोलो आला. मग त्यांनी बसून नियम लिहिले आणि मालक झाले. ज्याच्या हातात टाक, तो मालक. आता टाक माझ्या हातात आहे. तू फक्त स्पेलिंग बघ."

मला तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. तुम्ही गेलात म्हणून मी वादात माघार घेईन, असं समजू नका.

लंडनच्या त्या क्लबच्या सेक्रेटरींना तुम्ही पत्र पाठवलंत. उत्तर फार सभ्य आलं. महायुद्धात पोलोच्या मैदानावर भाजीपाला लावला गेला, युद्धानंतर सरकारनं ती जागा घरांसाठी घेतली, आता क्लबात लाकडी चेंडूंचा क्रोके खेळतात, असं सगळं त्यांनी कळवलं. तुम्ही म्हणालात, "पंगत उठली आणि लोणचं राहिलं." पण शेवटची ओळ तुम्हाला लागली. आबांच्या नावाबद्दल तुम्ही विचारलं होतंत. त्यावर त्यांनी लिहिलं होतं की खेळाडूंची आणि घोड्यांची नावं नोंदलेली आहेत, मोतद्दारांची नोंद ठेवलेली नाही.

"घोड्यांची आहे," तुम्ही म्हणालात. पत्राची घडी घातलीत, परत उघडलीत. "घोड्यांची आहे गं."

आता ती गोष्ट, जी आपण कधी बोललो नाही.

अविनाशचे बॉस, मिस्टर हॅरिस, आपल्या प्लेनोच्या क्लबच्या कमिटीवर होते. एका रविवारी पार्किंगमध्ये त्यांनी तुम्हाला लांबून पाहिलं, टोपी, कोट, ती तुमची चाल, आणि अविनाशला विचारलं, तुझे वडील पोलोवाले आहेत का? अविनाश म्हणाला, "माझे आजोबा घोडदळात होते. इंग्लंडला पोलो खेळायला गेले होते." मी शेजारीच उभी होते, हातात तुमचा थर्मास. मी काही बोलले नाही. घरी येऊन त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सुलभा, तुला माहीत नाही. माझ्या कॉलेजात एकानं मला 'लीदवाल्याचा नातू' म्हणून हाक मारली होती, सगळ्या वर्गासमोर. इथे तरी ते नको."

मी यावर त्याच्याशी भांडायला हवं होतं. भांडायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याचा चेहरा पाहून मला भांडवेना. आणि मग क्लबातले लोक तुम्हाला 'कर्नल' म्हणायला लागले. तुम्हाला वाटलं, टेक्ससमध्ये म्हाताऱ्या माणसाला मानानं असंच म्हणत असतील. तुम्ही खूश होतात. अविनाश मात्र त्यानंतर मैदानात यायचाच बंद झाला. आपल्याला सोडायचा आणि गाडीत पेपर वाचत बसायचा.

दोन वर्षांनी इंग्लंडहून चार खेळाडूंची टीम पाहुणी म्हणून येणार ठरलं. सामन्याआधी मोठ्या तंबूत जेवण, आणि जेवणानंतर हॅरिसनी तुम्हालाच बोलायला सांगितलं. विषय, थेम्सकाठच्या क्लबातल्या पोलोचा इतिहास. तुम्ही तीन आठवडे लिहिलंत. आबांवर दीड पान होतं. अविनाशनं ते वाचलं आणि माझ्या हातात कागद देऊन म्हणाला, "प्लीज. इंग्रजीत जरा अ‍ॅडजस्ट कर." आणि नाना, मी केलं. ज्या शब्दासाठी आपण सव्वा महिना भांडलो, तो शब्द मी गाळला. लिहिलं, 'माझे वडील संघाबरोबर गेले होते.' बास. दीड पानाची एक ओळ. ऑफिसच्या प्रिंटरवर छान छापून तुमच्या हातात दिलं. तुम्ही वाचलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "अक्षर सुरेख आलंय."

त्या दिवशी तंबूत दोनशे माणसं तरी असतील. बायकांच्या हॅट, पंख्यांचा आवाज, टेबलाटेबलावर आइस्ड टी. हॅरिस उभे राहिले आणि त्यांनी तुमची ओळख करून दिली. कर्नल जगताप, ज्यांचे वडील घोडदळाचे अधिकारी होते आणि त्या ऐतिहासिक मैदानावर स्वतः खेळले. टाळ्या पडल्या. तुम्ही खुर्चीतून उठलात ते एकदम नाही. आधी अविनाशकडे बघितलंत. तो बशीकडे बघत होता.

तुम्ही वाचायला लागलात. मणिपूर, चहाचे मळे, फौजी अधिकारी, कबुतरं, नियम. लोक हसत होते, इंग्रज टीमचा कप्तान तर मान डोलवत होता. मग ती ओळ आली. तुम्ही चष्मा काढलात, कागद टेबलावर ठेवलात.

"माझ्या वडिलांचं नाव गणपत सखाराम जगताप," तुम्ही म्हणालात. "ते त्या मैदानावर खेळले नाहीत. ते कडेला उभे होते. घोड्यांची लीद काढणं, खरारा करणं, दमलेला घोडा घेणं आणि ताजा देणं हे त्यांचं काम. आमच्या भाषेत त्याला मोतद्दार म्हणतात. माझा मुलगा त्याला घोडदळ म्हणतो. तो चुकत नाही. चार घोडे आणि एक माणूस, आमच्या घराण्याचं सगळं घोडदळ एवढंच होतं."

मग मागून, तंबूच्या दाराशी उभ्या असलेल्या रामोननं टाळी वाजवली. त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक. मग सगळा तंबू हसला आणि टाळ्या थांबेनात. तो कप्तान उठून तुमच्याकडे आला. त्यानं मेनूकार्ड उलटं केलं, पेन काढलं आणि विचारलं, "नाव पुन्हा सांगाल? स्पेलिंगसकट?" तुम्ही एकेक अक्षर सांगितलंत. परत गेल्यावर तो ते नाव क्लबाच्या कागदांमध्ये घालील, अशी तुमची खात्री होती. माझं म्हणणं होतं की ते कार्ड त्यानं ड्राय क्लीनरकडे दिलेल्या कोटात राहिलं असणार. हेही भांडण तसंच राहिलं.

त्या दिवसापासून तुम्ही आणि अविनाश जवळजवळ वर्षभर अनूमार्फत बोलत होतात. "आजोबा, डॅड सेज युवर टी इज गेटिंग कोल्ड." "त्याला सांग, मला गारच आवडतो." ती पोर दोघांच्या मध्ये उभी राहून, शेवटी वैतागून म्हणाली होती, "यू गाइज, आय हॅव होमवर्क!"

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, कारण अविनाशनं ती मलाही खूप उशिरा सांगितली. त्या जेवणानंतरच्या सोमवारी हॅरिसनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो राजीनाम्याच्या तयारीनं गेला. हॅरिसनी दार लावलं आणि म्हणाले, "माझे आजोबा दुसऱ्याच्या रँचवर गुरं राखायचे. आम्ही सांगतो की रँच त्यांची होती. तुझे वडील फार धोकादायक माणूस आहेत, आता मला माझ्या आईला फोन करावा लागणार." आणि दोघं हसत सुटले. हे अविनाशनं तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याला तोंड सापडलं नाही.

मलाही सापडलं नव्हतं. मी तुमचा शब्द गाळला आणि तुम्ही मला कधी एका शब्दानं विचारलं नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही नेहमीसारखी वही उघडलीत, म्हणालात, "हं, घे, पुढचं प्रकरण." मला तेव्हा वाटलं, यांच्या लक्षात नाही आलं. मागच्या आठवड्यात मी तुमचं कपाट आवरलं. ते छापील भाषण होतं. त्या ओळीवर पेन्सिलीनं फुली होती, आणि समासात, भाषणाच्या चार दिवस आधीची तारीख घालून, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सुलभेनं नाइलाजानं केलं असणार. हे तोंडी सांगणे.' नाना, मी तिथेच जमिनीवर बसले आणि आधी रडले, मग मला हसू आलं. माझ्या चुकीवरही तुम्ही तपासलेल्या पेपरासारखा शेरा मारून ठेवला होता. मार्क तेवढे दिले नव्हते. चुकलं माझं. तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं.

आणि आता या एप्रिलमधली गोष्ट. डॉक्टरांचं तुमच्या हृदयाबद्दल सगळं सांगून झालं होतं. जिने नको, दगदग नको. त्या रविवारी सामना नव्हता, मैदान रिकामं होतं. रामोन पेगीला घेऊन उभा होता. वीस वर्षांची म्हातारी, रिटायर झालेली घोडी. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात, रामोनकडे बघितलंत, मग स्वतःकडे बोट दाखवलंत, मग वर. रामोन लगेच लाकडी पायरी आणायला गेला.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "नाना, डॉक्टर काय म्हणाले? आणि किती वर्षांनी बसणार आहात तुम्ही घोड्यावर?"

"किती वर्षांनी कुठलं? मी कधी बसलोच नाही."

मला खरं वाटेना. पागेत वाढलेला मुलगा!

"आबांनी बसू दिलं नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणायचे, तू घोड्यावर चांगला बसलास की राजेसाहेबांच्या नजरेत भरशील, आणि ते तुला पागेत ठेवून घेतील. तू शाळेत बस. म्हणून मी आयुष्यभर शाळेत बसलो." मग लहान आवाजात, "आता मला कोण ठेवून घेतंय?"

मी गाडीकडे बघितलं. अविनाश काच खाली करून बसला होता. त्याला ऐकू गेलं होतं. तो उतरला. ऑफिसचे चकचकीत बूट घातलेला, ओल्या गवतातून चालत आला, माझ्याकडे बघितलं नाही, तुमच्याकडेही नाही. रामोनच्या हातातून त्यानं दोरी घेतली.

तुम्हाला चढवायला मी आणि रामोन दोघं लागलो. टोपी पडली, ती मी उचलली. वर बसल्यावर तुमचे डोळे मोठे झाले. "मी घसरतोय का रे?"

"नाही नाना," अविनाश म्हणाला. "मी धरलंय."

वर्षभरात तो तुमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तुम्ही त्याचं कौतुक वगैरे काही केलं नाहीत. "दोरी ओढू नकोस," म्हणालात. "तिच्या पुढं चालायचं नाही, मागं चालायचं नाही. खांद्याशी चाल. तिला तुझा श्वास ऐकू आला पाहिजे."

"असं?"

"हं. असं."

तुम्ही तिघं निघालात. मी आणि रामोन एकेका बाजूनं, हात वर धरून, पडलात तर झेलायला. पेगी संथ चालत होती. अविनाश तिच्या खांद्याशी, मान खाली, पाऊल पावलात मिळवून. त्याचे बूट चिखलानं भरले होते. मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही खाली बघितलं नाहीत. लांब, घरांच्या छपरांवरून, कुठेतरी बघत होतात.

पायरीशी आल्यावर रामोननं तुम्हाला उतरवायला हात पुढे केले. तुम्ही मानेनंच नाही म्हणालात.

"अविनाश," तुम्ही म्हणालात, "अजून एक."

त्यानं डॉक्टरांचं नाव काढलं नाही, मला विचारलं नाही. पेगीच्या मानेवर थाप दिली आणि चालायला लागला.